दुपारी चढलेले जिने

नाना,

माझ्या अंगावरची चरबी उतरवायला नेमकं काय लागलं, तो हिशेब आधी सांगून टाकतो. बायकोची दुपारची झोप गेली. संध्याकाळची भेळ गेली, जिच्या साक्षीने मी धंद्याची निम्मी बोलणी केली. टेकडीवर जाणाऱ्या चार भल्या माणसांचा माझ्यावरचा विश्वास गेला. वहिनी कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि गप्प होण्याआधी जे एक वाक्य बोलल्या ते अजून कानात आहे. बुटांचे पैसे मी यात धरत नाही. ते वसूल झाले.

तुमचा थोरला आजारी आहे. तुम्ही असतात तर पहिल्यांदा हेच म्हणाला असतात की रिपोर्ट बदलला असेल, नीट बघा, धाकट्याचा असेल. कारण पाचला उठणारा तो, गच्चीवर तुमच्या शेजारी उभं राहून सूर्यनमस्कार घालणारा तो, जन्मात दारूचा थेंब न घेतलेला तो. आणि नऊशिवाय डोळे न उघडणारा, रात्री अकराला जेवणारा मी. पण नाही, रिपोर्ट त्याचाच होता. लहानपणी कधीतरी अंगात शिरलेली कावीळ, कुणाला न कळता, लाकडाला वाळवी लागावी तशी त्याचं यकृत आतून खात राहिली. कळलं तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि पोटात पाणी धरलं होतं.

यकृताचा तुकडा देता येतो, नाना. देणाऱ्याचं उरलेलं पुन्हा वाढतं, घेणाऱ्याचंही वाढतं. वहिनींचा रक्तगट जुळला नाही, पुतणी अजून बारावीत. जुळलो मी. आणि माझ्या यकृतावर चरबी निघाली. डॉक्टर तरुण आणि मोजकं बोलणारे. म्हणाले, हे असं काढता येणार नाही. त्यांनाही चालणार नाही आणि तुम्हालाही धोका. दोन महिने घ्या, खाणं आवरा आणि रोज तासभर दम लागेल असा व्यायाम करा. दोन महिन्यांच्या पलीकडे दादाकडे फारसा वेळ नाही, हे त्यांनी दादाला बाहेर पाठवून सांगितलं.

त्याच दिवशी तिथल्या समुपदेशक बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं. अशी खोली असते, तिथे असं बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची इच्छा नसेल, तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की तुम्ही दाता म्हणून वैद्यकीयदृष्ट्या बसत नाही. कारण आम्ही कुणालाच सांगत नाही. तुम्ही शेवटच्या दिवशी सांगितलंत तरी चालेल." मी हसून म्हणालो की मी लिफ्टवाला माणूस आहे, कुणाला मधल्या मजल्यावर सोडून जात नाही. त्याही हसल्या. पण बाहेर आलो तेव्हा कळलं, की त्या खोलीचं दार लावलेलं असलं तरी त्याला कडी नव्हती, आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं. वहिनी बाकावर बसल्या होत्या. काय म्हणाल्या बाई, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सह्या.

आता सकाळचं सांगतो. व्यायाम म्हटल्यावर आपल्या घरात दुसरा प्रश्नच नसतो. त्याच संध्याकाळी ठरून गेलं. दादाचे टेकडीवरचे मित्र मला साडेपाचला खालून हाक मारणार, एक जण स्कूटरवरून येऊन हॉर्न वाजवणार, बायको चार वेळा उठवणार, आणि मोबाईलवर गजर तो वेगळाच. मी सगळ्यांना आधीच बजावलं होतं, कौतुकानेच बजावलं होतं, की बाबांनो, माझे कान दिवसा तळमजल्यावर उभं राहून दहाव्या मजल्यावरचं कोरडं बेअरिंग ओळखतात, पण पहाटे ते मेलेले असतात. गणपतीत खिडकीखाली ढोल बडवले तरी मी कूस बदलत नाही. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो, लोक हसतात, आणि सकाळी नऊच्या आत फोन करत नाहीत.

तर महिनाभर हे चाललं. जेमतेम आठ-दहा वेळा गेलो असेन. ज्या दिवशी जायचो त्या दिवशी पाय दुसऱ्याचे असल्यासारखे पडायचे, दगडाला ठेच लागायची. टेकडी उतरली की सगळे मिळून इडली-सांबार, वर चहा, वर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाची जिलबी. कष्ट केलेत, खा, म्हणायचे. मग दिवसभर मी कार्यालयात पेंगायचो आणि पेंग घालवायला पुन्हा चहा. बाकीच्या दिवशी मी उठायचोच नाही. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला उठवून उठवून माझंच वजन उतरलं." स्कूटरवाले काका आधी दोनदा हॉर्न द्यायचे, मग एकदा, मग खालच्या बिऱ्हाडाने त्यांना सुनावलं की इथे माणसं राहतात, आणि मग ते येईनासे झाले.

तुम्ही काय म्हणाला असतात ते मला शोधावं लागत नाही. शाळेचं मैदान आहे, सकाळचा तास आहे, तुम्ही कवायतीला मुलं उभी केली आहेत आणि मी रांगेत उभ्या उभ्या डुलतो आहे. तुम्ही शिट्टी वाजवत नाही, ओरडतही नाही. मला पुढे बोलावता आणि साऱ्या वर्गाला सांगता, "हे आमचे धाकटे चिरंजीव. सूर्यवंशी. सूर्य डोक्यावर आला की यांचा पहिला नमस्कार." मुलं हसतात. मीही हसतो, कारण न हसणं जास्त अवघड होतं. पण तुम्हाला दुसरंही एक माहीत होतं. एकदा संध्याकाळी, शाळा सुटून गेल्यावर, तुम्ही व्यायामशाळेची किल्ली आतच विसरलात म्हणून मला बरोबर घेऊन परत गेलात. आत दोरीचा मल्लखांब लोंबत होता. तुम्ही ती कपाटात शोधत होतात तेवढ्यात मी चढलो. थेट आढ्यापर्यंत, न थांबता, आणि वर जाऊन पायाच्या अंगठ्यात दोरी धरून उलटा सुटलो. तुम्ही खाली उभे. तुमचा चेहरा मला उलटा दिसतोय, आणि उलटासुद्धा तो खूश आहे हे कळतंय. मी उतरलो. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "हेच सकाळी केलं असतंस तर."

महिन्याने पुन्हा तपासणी झाली. वजन थोडं वाढलेलंच निघालं. डॉक्टरांनी पडद्यावरून मान वर केली आणि म्हणाले, अजून एक महिना, त्यानंतर मला तुमचं नाव काढावं लागेल. बाहेर वहिनी होत्या. त्यांना तुम्ही पाहिलेलं नाही, नाना. कमी बोलणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. मी काहीतरी सांगायला लागलो, की लहानपणापासून माझी सकाळ अशीच, नानासुद्धा थकले. त्यांनी ऐकून घेतलं. पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाल्या, "भावोजी, द्यायचं नसेल तर तसं सांगा. झोपून नका सांगू."

मी धंद्यात फार बोलणी खाल्ली आहेत. सोसायटीच्या अध्यक्षांनी भर सभेत चोर म्हटलंय. पण असं कुणी बोललं नव्हतं. त्या दुपारी कोथरूडला एका इमारतीत लिफ्टचे दोर बदलायचं काम चालू होतं. अशी कामं आम्ही दुपारी काढतो, लोक झोपलेले असतात, लिफ्ट बंद असली तरी कुणी भांडत नाही. वरच्या मशीनघरातून माझ्या माणसाचा फोन आला, साहेब, ब्रेक वेगळाच आवाज करतोय, तुम्ही एकदा ऐका. एरवी मी खालूनच ऐकलं असतं. पण त्या दिवशी मला कुणाच्याच समोर उभं राहायचं नव्हतं, आणि जिना रिकामा होता. चढायला लागलो. चौथ्या मजल्यावर छाती फुटेल असं वाटलं. सहाव्यावर कठड्याला धरून उभा राहिलो. आणि मग, नाना, आतून काहीतरी सुटं झालं. तेल लागल्यावर मशीन जसं एका सुरात फिरायला लागतं तसं. पाय माझेच होते. वर पोचलो, ब्रेक ऐकला, दोष सांगितला, खाली आलो, आणि कुणी न सांगता पुन्हा वर गेलो.

घरी येऊन डॉक्टरांचा कागद काढला. रोज तासभर, दम लागेल असा. सकाळ हा शब्द त्यात कुठेही नव्हता. तो आम्ही सगळ्यांनी मिळून तुमच्या आवाजात वाचला होता. फोन करून विचारलं, दुपारी जिने चढले तर चालेल का. छातीची तपासणी झालीच आहे, चढा, म्हणाले. रात्रीच्या जेवणाआधी केलंत तरी माझी हरकत नाही, पण रोज करा.

मग रोज. जिथे सर्व्हिस असेल तिथे, नसेल तिथे ओळखीच्या वॉचमनला सांगून. रविवारी आमच्याच इमारतीत. जेवण त्यानंतर, बायको मोजून वाढणार, आणि त्यासाठी ती दुपारभर जागी. पुण्यात दुपारी एक ते चार जिन्यात पावलं वाजवणं हा काही लहान गुन्हा नाही. एका इमारतीत सातव्या मजल्यावरच्या आजींनी दार किलकिलं करून मला पाहिलं, दुसऱ्या फेरीला पुन्हा पाहिलं, तिसरीला दार पूर्ण उघडून म्हणाल्या, "लिफ्टची माणसंच जिन्याने जायला लागली, म्हणजे आम्ही काय समजायचं?" मी म्हटलं, आजी, प्रकृतीसाठी. त्या म्हणाल्या, "मग चपला काढून चढा. आमच्याही प्रकृतीचा विचार करा." तेव्हापासून त्या इमारतीत मी बूट हातात घेऊन चढायचो.

हसू येतंय ना. मला तेव्हा येत नव्हतं. दर फेरीला दोन गोष्टी बरोबर चालायच्या. एक दादा, जो अजूनही पाचला उठतो, चालवत नाही म्हणून बाल्कनीतल्या खुर्चीत बसून उजाडताना बघतो. आणि दुसरी ती खोली. तोवर मी जाड होतो म्हणून बसत नव्हतो, त्यात कुणाचा दोष नव्हता. आता प्रत्येक मजल्यागणिक मी स्वतःच ते दार लावत चाललो होतो. चरबी उतरली की मग कारण उरणार नव्हतं. कधी कधी पाचव्या मजल्यावर मी नुसता उभा राहायचो, दम लागला म्हणून नव्हे. पोटावर हात ठेवून बघायचो, कुठून कापतील. मला मुलगा आहे, अजून शिकतो. मग खालून कुणाचं तरी दार वाजायचं आणि मी पुढे चालू लागायचो.

दादाला एकदा सांगितलं, दुपारी चढतोय. तो म्हणाला, "नाही उतरलं तर नाही उतरलं रे. नानांच्याने तू उठला नाहीस, माझ्याने काय उठणार?" आणि हसायला लागला, हसता हसता त्याला धाप लागली. वहिनी आतून पाणी घेऊन आल्या. मला ग्लास दिला नाही, पण मी बसलो होतो त्या खुर्चीमागची खिडकी उघडून गेल्या.

परवा तपासणी झाली. उतरलं. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं, मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांच्या आवाजावरून कळलं. वहिनी तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. नंतर समुपदेशक बाईंनी पुन्हा आत बोलावलं, दार लावलं, पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, बाई, सही कुठे करू.

उद्या दोघांचीही शस्त्रक्रिया. आत्ता दुपार आहे, मला शेजारच्या खोलीत ठेवलंय, भिंतीपलीकडे दादाचा श्वास ऐकू येतोय. वहिनी मघाशी येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, भावोजी, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं, तुमची झोपच तशी, सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी माझ्या पायावर पांघरूण घातलं. ते त्यांनी घातलं तेव्हापासून मी हे लिहितोय. लिहून झालं की फाडणार आहे, त्यांच्या हाती लागता कामा नये.

मी सकाळचा माणूस नाही, नाना, हे खरंच आहे. अंग दहानंतर माझं होतं, त्याआधी नाही. तुम्ही ते त्या दोरीखाली उभं राहून पाहिलंत. पण वहिनींचं चुकलं नव्हतं. त्या पहिल्या महिन्यात गजर मला रोज ऐकू येत होता. काकांची स्कूटर कोपऱ्यावर वळायची तेव्हाच कळायचं, हॉर्न तर नंतर. बायकोची हाक दिवसेंदिवस हळू होत गेली, तेही ऐकू यायचं. मी डोळे मिटून पडून असायचो. जागा होतो.