घडीच्या मशीनवरची शेवंती

आई, आज आमच्या कारखान्यातलं घडीचं मशीन सुटं करून पेटीत भरलं. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, जेवलीस का. नाही जेवले. तुझा जावई इथे आयर्लंडमध्ये, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात, म्हणून मीही तिथेच असणार असं इथल्या सगळ्या मराठी घरांनी परस्पर ठरवून टाकलंय. मी त्याच रस्त्यावर जरा पुढे, औषधांच्या खोक्यात घालायचे माहितीचे कागद छापणाऱ्या कारखान्यात मशीनं सांभाळते. हातभर कागद, त्यावर मुंगीएवढी अक्षरं, आणि घड्या घालून घालून तो काडेपेटीएवढा करायचा. पाहिला असतास तर म्हणाली असतीस, वाचणार कोण मेलं हे!

सोलापूरला आपल्या स्वयंपाकघरात थंडीत पंचांगाचे फर्मे यायचे. छापलेले मोठे कागद, दुमडून त्यांची पानं करायची. तू आणि शेजारची मावशी स्टोव्हला पाठ करून बसायच्या. डाव्या हाताने कागद दुमडायचा, उजव्या हातातली बांबूची कामटी एकदा फिरवायची, की घडी बसली. मी गठ्ठे बांधायचे. एका वर्षी तुझ्याबरोबर छापखान्यात गेले तर मालक नवीन मशीनवरची ताडपत्री काढून दाखवत होते. 'बाई, आता एवढं पंचांग झालं की घरी काम द्यायचं बंद,' ते म्हणाले.  घरी परतल्यावर दारात चपला काढताना माझा दंड धरलास. 'मावशीला सांगायचं नाही.'

आणि मावशी आत बसून घड्या घालतेय. सांगतेय, 'पुढल्या वर्षी शाळेची गाईडं पण मागू गं आपण. तू बोल मालकांशी, तुझं ऐकतात.' तू म्हणालीस, 'बघू.' माझा संताप संताप झाला. रात्री मी तुला खोटारडी म्हणाले. 'तू गप बस. मला शहाणपण शिकवू नकोस,' एवढंच तुझं उत्तर. शेवटचे गठ्ठे पोचवायला मावशी गेली तेव्हा तिला मालकांकडून कळलं. आणि तुला आधीपासून ठाऊक होतं, हेही. त्यानंतर ती आपल्या दारावरून पदर सावरून, मान वळवून जायची. आपल्या स्वयंपाकघरात ती पुन्हा कधी बसली नाही. मी हे विसरले नाही, आई. तू गेलीस तेव्हाही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे तूच माझ्याबद्दल म्हणायचीस.

आमच्या घडीच्या मशीनवर एक पोलंडचे गृहस्थ आहेत, साठीला टेकलेले. मी मनात त्यांना काका म्हणते. त्यांच्या गावात सरकारी छापखाना होता. अक्षरांचे शिशाचे खिळे, कागदाची कायमची टंचाई, आणि शिफ्ट सुटली की अर्धं गाव त्या फाटकातून बाहेर पडायचं. सरकार बदललं, छापखाना विकला गेला, नवीन मालकांनी जर्मनीहून भराभर यंत्रं आणली. आता म्हणे निम्म्या युरोपची मासिकं तिकडे छापून निघतात. यंत्रं आली तशी माणसं घरी गेली, त्यांत काकाही. कामासाठी इकडची दारं उघडल्यावर ते आयर्लंडला आले. आणि आता आमचं काम चाललंय कुठे, तर त्यांच्याच गावाला! आमचा कारखाना बंद होतोय. काका मात्र खुशीत होते. मशीन तिकडे जाणार म्हणजे ते चालवायला माणूस लागणार. 'तू इंजिनिअर आहेस, तुझं ऐकतील,' ते मला म्हणाले. 'माझ्यासाठी एक शब्द टाक.'

तिकडून मोजमापं घ्यायला एक तरुण इंजिनिअर आला. चहाच्या वेळी मी शब्द टाकला. पोरगा वाईट नव्हता, ओशाळलाच. म्हणाला, 'आमच्याकडे छपाई, घडी, डिंक, सगळं एका रांगेत आपोआप होतं. दोन मुलं स्क्रीनसमोर बसतात. हे मशीन आम्ही सुट्या भागांसाठी नेतोय. रोलर चांगले आहेत. सांगाडा तिकडे गेल्यावर भंगारात.' काकांनी लांबूनच अंगठा वर करून विचारलं, काय झालं? मी म्हणाले, 'बघू म्हणतात.'

तुझाच शब्द, आई. तोंडातून गेल्यावर कळलं.

तेव्हापासून मी मूग गिळून बसले आहे. आणि काका प्रत्येक रोलर पुसतात, तेल लावतात, घरून आणलेल्या चादरीत गुंडाळतात. मुलीला फोनवर सांगतात, येतोय मी, मशीनच्या मागोमाग.

गेल्या खंडेनवमीला मी या मशीनला हळदकुंकू लावलं होतं. तू कामटीला आणि दाभणाला लावायचीस ना, तसं. झेंडू कुठला मिळायला, दुकानातून पिवळी शेवंती आणून वाहिली. काका बघून हसले होते. 'आमच्याकडे ही फुलं थडग्यावर ठेवतात.' पण त्यानंतर मशीन एकदाही अडलं नाही, आणि त्याचं श्रेय त्यांनी माझ्या कुंकवाला देऊन टाकलं.

आज सांगाडा लाकडी पेटीत बसवला. झाकण ठोकायच्या आधी काका माझ्याकडे आले. हातात पिवळी शेवंती. स्वतः जाऊन आणलेली. 'तुझं ते लाल लाव ना. तिकडे नीट चालू दे.'

मी लावलं, आई. फुलं वाहिली, हातसुद्धा जोडले. त्यांनी विचारलं, 'चालेल ना?' मी म्हणाले, 'ग्रँड चालेल.' इथली माणसं बोलतात तसं, सहज. त्यांनी झाकण लावलं आणि खिळे ठोकले.

मावशीचे हात थांबू नयेत म्हणून तू गप्प राहिलीस की दुसऱ्या कशासाठी, मी कधी विचारलंच नाही. माझं सांगते. मी काकांवर दया करून गप्प नाही. त्यांचा चेहरा उतरेल तेव्हा मला समोर असायचं नाहीये, एवढंच.