न रंगवलेले घोडेस्वार

१२ जानेवारी

पुण्याच्या गिऱ्हाइकाने एक घोडेस्वार थेट माझ्या इंदापूरच्या खोलीवर पाठवला. भाला मोडलाय, जोडून हवाय. एरवी सगळं बारामतीला शबनमकडे जातं. ऑर्डर, पॅकिंग, कुरिअर तिचं, रंगवणं माझं. ती सध्या लग्नाला सोलापुरात.

गिऱ्हाईक पटावरचे युद्धखेळ खेळतं. बोटाएवढ्या सैनिकांच्या फौजा आहेत त्याच्याकडे, बऱ्याचशा मी रंगवलेल्या. सोबत चिठ्ठी: ‘तुमच्या आजवरच्या कामात हे घोडेस्वार सर्वांत सरस.’

मी घोडेस्वार रंगवलेलेच नाहीत.

१३ जानेवारी

घोडेस्वाराच्या बैठकीखाली माझा निळा ठिपका, माझ्या कामाची खूण. जागा बरोबर, छटा बरोबर.

पण डोळे नंतर काढलेत. मी आधी डोळे रंगवते, मग कातडीचा रंग पापणीपर्यंत आणते. इथे उलट. डोळ्याचा रंग पापणीवर चढलाय. भिंगाशिवाय दिसणार नाही.

नोव्हेंबरात कंपनीत माझी रात्रपाळी होती. घोडेस्वारांच्या ऑर्डरला उशीर होईल म्हणाले, तर शबनम म्हणाली, "राहू दे, त्यांनी रद्द केलं ते." मी विश्वास ठेवला.

गालाची छटा चांगली आहे. माझ्यापेक्षा…

१५ जानेवारी

भाला जोडायला मोडलेल्या जागेचा रंग खरवडला. रंगाखालच्या पांढऱ्या प्राइमरच्या थरात काळे कण. धूळ नव्हे. चपटे, मऊ, सुई लावली की फासले जातात. काजळी.

मी प्राइमर मारते ती न्हाणीघरात, खोक्यात. हे उघड्यावर मारलंय, आणि साखर कारखान्याच्या धुराड्याखाली. गाळप चालू असताना भवानीनगरात वाळत घातलेली चादरसुद्धा अशीच होते.

भवानीनगरात वैशाली राहते. लोणी देवकरच्या कंपनीत माझ्याच तपासणी टेबलवर असते. उन्हाळ्यात रविवारी तिला रंगवायला मीच शिकवलं. पुढे "डोळं दुखत्यात ताई" म्हणून तिने सोडलं. शबनमशी ओळखही मीच करून दिली.

१८ जानेवारी

तिळगूळ घेऊन वैशालीकडे गेले. निमित्त चांगलं होतं.

तिच्या सासूबाई दारातच, "या या साहेबीणबाई! आमच्या सूनबाईला कंपनीत लई वरडता म्हनं?"

"मी ओरडत नाही."

"त्येच की. नुसतं बघता, म्हनं!" स्वतःच हसल्या. वैशाली हसली नाही.

गच्ची बघायला वर गेले. कठड्याला पुठ्ठा टेकवलेला, त्यावर पांढरा फवारा. मध्ये कोऱ्या राहिलेल्या जागा, लांबट गोल. पायदळाची बैठक पूर्ण गोल असते. लांबट फक्त घोडेस्वाराची.

मागून वैशाली. "दिवाळीचं कंदील रंगवलं हुतं, ताई."

मी म्हटलं, छान.

२० जानेवारी

शबनम परतली. फोनवर सहज विचारलं, घोडेस्वारांचं पुढे काय झालं गं?

"कुठलं घोडेस्वार?" मग लगेच, "अगं ते रद्द झालं, सांगितलं न्हाय का तुला? तू लई बारीक बघतीस बाई. कंपनीत बघ, हितं नको."

मी का विचारतेय, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. घोडेस्वार माझ्या कपाटात आहे, हे तिला ठाऊक नसावं. गिऱ्हाइकाने कळवलं असेल तर ठाऊक असेल.

२२ जानेवारी

कंपनीत कॅलिपर पुसता पुसता वैशाली: "ताई, सेनापती आला का?"

कोणता सेनापती?

"न्हाय, असंच."

२३ जानेवारी

सेनापती आज आला, कोरा, रंगवायचा. शबनम स्वतः एसटीने घेऊन आली. गिऱ्हाईक हा पुण्यातल्या प्रदर्शनात ठेवणार. पसंत पडला तर पुढची अख्खी फौज माझ्याकडे. तसं झालं तर नोकरी सोडायची, हे ठरलेलं आहे. शबनमला तेवढं सांगितलंय.

"चेहरा मागच्यासारखा पायजे म्हनले. त्योच हात."

मागच्या म्हणजे कुठल्या?

"अगं, मागच्या." तिची नजर खोक्यावर. "जमंल न्हवं?"

न जमायला काय झालं?

"मग चहा टाक की! एसटीत उभी राहून आलीय मी."

चहा टाकला. घोडेस्वार दाखवायचा होता. कपाटाची किल्ली हातात होती. ती भावाच्या लग्नातली गंमत सांगत राहिली, मी ऐकत राहिले. जाताना म्हणाली, "काय असंल तर बोलत जा गं. मनात ठिवू नको."

मला कळलंय हे ठाऊक असलेलं माणूस असं म्हणतं की ठाऊक नसलेलं?

२५ जानेवारी

भाला जोडला. घोडेस्वार डावीकडे, सेनापती उजवीकडे, मध्ये भिंग.

माझ्या पद्धतीने रंगवला तर गिऱ्हाईक म्हणेल, हा तो हात नव्हे. आणि तो हात कोणाचा हे सांगितलं, तर फौज भवानीनगरला जाईल.

आज सेनापतीची आधी कातडी रंगवली. डोळे नंतर, पहिल्यांदाच. गालाची छटा दोनदा पुसली. तिसऱ्यांदा आली. हुबेहूब आली.

मग बैठक उलटी केली, ब्रशवर निळा घेतला. वैशालीने ठिपका देताना ब्रश असाच धरून ठेवला असेल का? की देऊन टाकला झटकन?

निळा ब्रशवरच वाळला. ब्रश धुऊन ठेवला.