उपाशी गाठ

२ मार्च २०२५, कामोठे
पहिला रोजा. धरला! कुणाला सांगितलं नाही. दुपारचं जेवण कामवालीला देऊन टाकलं. केमो चालू असताना उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण माझी हादिया बायोटेक शिकते. तीच मागे म्हणाली होती — उपाशी पोटी पेशी स्वतःतलाच कचरा खातात, ऑटोफॅजी म्हणतात त्याला. मग छातीतली गाठ कचराच की.

६ मार्च
तोंडात फोड. पाय लटपटतात. कासिम (तोंडावर नवऱ्याचं नाव घेत नाही, इथे लिहिते) मार्केटातून माझ्यापुरती संत्री आणतात. "दुपारी खा, लाजू नको." संत्री शेजारच्या पुतळावहिनींकडे जातात.

११ मार्च
चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडले. सगळं बिंग फुटलं. हादिया रडत होती — "अम्मी, मी गाठीबद्दल कुठे बोलले होते गं?" कासिमनी संत्रं सोलून माझ्या हातात ठेवलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

१३ मार्च
डॉक्टर मनाली रागावल्या नाहीत. "निरोगी पेशीची ती साफसफाई असते, हलिमाताई. गाठीची मात्र शिदोरी होऊ शकते. औषधाचा मारा झाला की गाठ आपलंच मोडकंतोडकं खाऊन तग धरते."
मी विचारलं, मग उपासाने ती मरत नाही?
"नक्की कुणालाच सांगता येत नाही. तुमची ताकद गेली, एवढं नक्की."
मलेरियाच्या गोळीने गाठीचं हे खाणं बंद पाडता येतं का, याच्या चाचण्या चालू आहेत म्हणे. आणि मी? मी तिलाच जगवत बसले होते की काय — हा विचार डोक्यातून जात नाही.
नंतर मला बाहेर बसवून त्या कासिमशी बोलल्या. बराच वेळ. वजनाचं, रक्ताचं, असं हे म्हणाले.

१४ मार्च
दुपारी भात आणि मच्छीचं कालवण खाल्लं, सगळं घर रोज्याने असताना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ताट संपवलं. मला जगायचंय.

२९ मार्च
रमीज भावजी आले होते. बोलता बोलता म्हणाले, "भाभी, तुमच्या रोज्यांचा फिदिया पोचला. भाईंनी तुर्भ्याच्या वस्तीत धान्य वाटलं."
आजारी माणूस राहिलेले रोजे बरा झाल्यावर धरतो. रोज्यांच्या बदल्यात धान्य वाटून फिदिया देतात तो, जो आता बरा व्हायचा नाही त्याच्यासाठी.
कासिमना हे माझ्याइतकंच माहीत आहे.