आजोबांची बॅच

अकोला, ९ नोव्हेंबर २०२५

चि. गौतमी हिस,
सप्रेम जय भीम व पुष्कळ आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कसेबसे चालतात, कान मात्र संपावर गेलेत, म्हणून फोन न करता पत्र लिहिते. शिवाय हे ओरडून विचारण्यासारखं नाही.

तू डॉक्टर होणार म्हणून मी गल्लीभर पेढे वाटले आणि मग एकदम काळजात धस्स झालं. दोन वर्षांपूर्वी आजोबा जयपुरात गेले, तेव्हा त्यांचा देह आपण तुझ्या ह्याच कॉलेजला दिला. तुला तिथंच प्रवेश मिळेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आता तुम्हाला डिसेक्शन शिकवणार म्हणतेस. बाई गं, समोर तेच असले तर? ह्या विचाराने घास उतरत नाही. तुझा बाबा चिडेल, म्हणून त्याला विचारत नाही. तू तुम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना विचार आणि लगेच कळव.

तुझी वाट बघणारी,
आजी इंदुमती

जयपूर, २० नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
सविनय जय भीम. काल मी डिसेक्शन हॉलच्या दारातूनच परत फिरले. खोलीवर आले तर तुझं पत्र! मतलब, ही भीती मला एकटीलाच नव्हती. पत्र घेऊन तशीच मॅडमकडे गेले.

त्यांनी बसवून समजावलं. देह आला की मांडीच्या रक्तवाहिनीतून फॉर्मालिन हळूहळू सगळ्या अंगात सोडतात, मग औषधाच्या टाकीत ठेवतात. त्यामुळे तो वर्षानुवर्षं खराब होत नाही, फक्त काळपट आणि ताठ होतो. आजोबांना थंडी सोसायची नाही, म्हणून मी विचारलं की टाकी गार असते का. मॅडम हसल्या नाहीत. खोलीइतकीच गार असते, म्हणाल्या.

आजी, आजोबा आता तिथे नाहीत! गेल्या वर्षीच्या बॅचला शिकवून झालं त्यांचं. उन्हाळ्यात कॉलेजने सन्मानाने अंत्यसंस्कार केले. बाबांना कळवलं होतं, पण तुला त्रास नको म्हणून ते गप्प बसले.

गेल्या वर्षी आजोबांच्या टेबलावर शिकलेली सलोनीदीदीही मॅडमनी भेटवली. आजोबांच्या दंडावरचं ‘इंदू’ हे गोंदण औषधातही तसंच हिरवं राहिलं होतं म्हणे. दंड शिकताना कातडी सोडवावी लागते. तिच्या गटाने आपसात ठरवून तेवढा तुकडा शेवटपर्यंत जागेवर ठेवला. इंदू कोण, हे तिला आत्ता कळलं. आम्ही दोघी खूप रडलो आणि मग कँटीनमध्ये कचोरी खाल्ली.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी गौतमी

अकोला, २९ नोव्हेंबर २०२५

चि. गौतमी हिस,
जय भीम आणि ओंजळभर आशीर्वाद. छातीवरचा धोंडा उतरला. काल पोटभर जेवले. तुझ्या बाबाचे कान मी उपटणार आहे, तू मध्ये पडू नकोस.

ते गोंदण जयपूरजवळच्या चाकसू गावच्या मेळ्यातलं. बदली होऊन जयपूरला नवीनच आलो होतो. रेल्वे क्वार्टरमधल्या बायका मला चिडवायच्या आणि मी वरवर रागवायची. आतून मात्र मिरवावंसं वाटायचं. त्या पोरांना माझे आशीर्वाद सांग.

आता न घाबरता हॉलमध्ये जा. तुझ्या टेबलावर कोण आहे, त्याचं नाव तुम्हाला कुणी सांगणार नाही. तू आजोबा म्हण. बाई असेल तर आजी म्हण. आपल्या आजोबांनाही त्या पोरीने तसंच काहीतरी म्हटलं असेल.

जेवून जात जा.
तुझी आजी इंदू