राख तशीच होती

डुमरटोली,
९ जुलै

चि. जौनीस फुआचा जोहार.

इकडे सगळं ठीक. भाताची रोपणी सुरू झालीय. तुझी माय गुडघाभर चिखलात आणि मी, तिची नणंद, बांधावर बसून सूचना देतेय. शाळेत बाई म्हणून जन्म गेला, दुसरं येतं काय?

बिरसिंग मुखियाने टोलीच्या तोंडाशी तुझा फोटो लावलाय. त्यात त्याचं डोकं तुझ्या दुप्पट आहे. 'पोरीला मीच घडवलं' म्हणून सांगत फिरतो. बकरा बक्षीस असलेल्या त्या खस्सीच्या हॉकी सामन्यांना तुम्ही पोरी पहिल्यांदा उतरलात, तेव्हा हाच म्हणाला होता, "मुलींना बकरा कशाला? कोंबडी पुरे." तुझी सलगीदीदी तिथल्या तिथे म्हणाली, "कोंबडी तुम्ही ठेवा, मुखिया. आजारी माणसाला रस्सा चांगला." आणि संध्याकाळी बकरा घेऊन आली. तू मागे बांबूच्या मुळाची स्टिक ओढत, पाय सोलवटलेले. दिवसभर ती गोलाच्या विटांमागे उभी राहून तुझ्या नावाने ओरडत होती, "डावीकडे, बहिरे! डावीकडे!"

तुझे बेल्जियममधले सामने आम्ही पंचायतीच्या टीव्हीवर बघितले. पहिल्यात तू दिसलीच नाहीस, नुसती पळत होतीस. पुढच्या तिन्हीत गोल. टोली नाचली. मी नाचले नाही, गुडघ्यांमुळे नव्हे. प्रत्येक गोलाआधी तू मान किंचित डावीकडे कलवलीस. कुणी मागून बोललं की कलवतात तशी.

मग परवा तुझा फोन आला. तू हसत म्हणालीस, "फुआ, दीदी अजून मला बहिरीच म्हणते. कुठे बसते गं ती? दिसत कशी नाही?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. आपल्या घरात दूध कधी असतं, जौनी?

खरं तर ठेवण्याचं कारण वेगळं होतं. तू बोलायची थांबलीस, तरी पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. म्हणून हे पत्र.

बाळ, सलगी गेली. तुझ्या पहिल्या सामन्याच्या सकाळी. ताप डोक्यात चढला, खाटेवर घालून खुंटी शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत वाटेतच संपलं. ससनात, पूर्वजांना पुरलंय तिथे, आपल्या कुळाच्या दगडांपाशी ठेवलीय. शेवटी तिने तुझा सामना किती वाजता आहे, एवढंच विचारलं.

मुखिया म्हणाला, सामने होईपर्यंत सांगू नका. आम्ही माना डोलावल्या. मीही. रात उलटायच्या आत तुझा फोन. "दीदीला दे ना." मायच्या तोंडून निघून गेलं, "दीदी तुझ्याकडेच यायला निघालीय. आता तुझ्याजवळच राहील."

माणूस गेल्यावर त्याची सावली घरात बोलावून घेईपर्यंत दाराशी जपून बोलावं, हे तुला सांगायला नको. बाहेर उभं असलेलं माणूस ऐकत असतं. सलगीने मायचा शब्द कधी मोडला नव्हता.

बोलावणंही आम्ही चोरून केलं, तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून. आतल्या खोलीत राख पसरली, दार लावलं, बाहेर विळ्यावर विळा वाजवला, तोही फडक्यात गुंडाळून. सावली आत आली की राखेत पाऊल उमटतं; दार उघडलं तर राख तशीच. मुंगीचंही पाऊल नाही. विधी करायला आलेला गावचा पुजारी, डोका पाहान, म्हणाला, "घराजवळ असेल तर येईल ना! जिच्यासोबत धाडलीत तिला बोलवा."

मुखियाला कळलं तर म्हणतो, "घाई काय? विश्वचषक होऊ दे. पोरगी गोल करतेय ना?" आणि जौनी, लोकांनी माना डोलावल्या! मेलेल्या पोरीला उंबऱ्याबाहेर ठेवून गोल मोजणारं गाव हे. या वेळी माझी मान हलली नाही. माय तर ताटावरून उठून गेली. हल्ली ती तुझ्या नावाचं ताट वाढते, मग थबकते आणि त्यात दुसऱ्या माणसापुरता भात घालते.

विश्वचषकासाठी तुझी निवड तोंडावर आलीय, ठाऊक आहे. आता सुट्टी मागितलीस तर सर काय म्हणतील, तेही ठाऊक आहे. तू आलीस आणि सलगी घरात शिरली, तर पुढे मैदानात तुझ्या डावीकडे कुणी नसेल. मग गोल होतील की नाही, मी सांगू शकत नाही. पण तुला शिकवून झालं होतं तिचं. आता ती फक्त मायचा शब्द पाळतेय. थकली असेल गं.

हे वाचताना मान डावीकडे वळेल. वळू दे. घाबरू नकोस. तिला एवढंच म्हण, "चल दीदी, माय बोलावतेय."

राख रोज नवी पसरते. दार लावत नाही.

येताना एकटी येऊ नकोस.

तुझी
आणि तिचीही,
फुआ