आतून धरणारा

४ जानेवारी, रविवार

आलो एकदाचे आंबिवलीला! खोपटच्या त्या खुराड्यातून सुटलो. आता अंगण आहे, अंगणात चिकूचं झाड आहे आणि घराला चिकटून पत्र्याची शेड आहे. घर बघायला आलो तेव्हा पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं, हे सगळं मेघालीने विचारलं. मी फक्त शेडमध्ये फियाट मावेल का ते पाहिलं. बायको असावी तर अशी, संसाराचे प्रश्न परस्पर मिटवणारी.

संध्याकाळी फियाट टेम्पोवरून उतरली. बिस्किटी रंग, गोल दिवे, आणि हात लावाल तिथे गंज. माजिवड्याच्या सुझाना आंटींकडून घेतली. त्यांच्या नवऱ्याची, फ्लेव्हियन अंकलची गाडी. ते गेल्यापासून ती घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. घरीच काम करणार ना, भंगारात देणार नाही ना, असं आंटींनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. टेम्पो सुटताना माझा हात धरून म्हणाल्या, "दोघं असाल तरच काम करा हां. एकट्याने नको, बाबा. प्रॉमिस?" जॅकबिक घसरेल अशी भीती वाटत असेल बिचारीला. प्रॉमिसला काय लागतं, देऊन टाकलं.

मेघाली कमरेवर हात ठेवून गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "अरे जयेश, ही गाडी आहे की चाळण?" पण जेवताना तिनेच विषय काढला, रंग कुठला द्यायचा म्हणून.

७ जानेवारी, बुधवार

वागळे इस्टेटच्या ऑफिसात मी आयुष्यभर पत्र्याच्या कपाटांची ड्रॉइंग काढत आलो. मी कागदावर रेघ मारणार, पत्रा दुसरेच वाकवणार. आज घरून काम होतं, ते दुपारपर्यंत उरकलं आणि पहिल्यांदा स्वतः पत्र्याला भिडलो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं की आरपार. पापड परवडला.

पण अर्धी गाडी सुरेख केलेली आहे. फ्लेव्हियन अंकल घरीच काम करायचे, असं आंटी म्हणाल्या होत्या. उजवी बाजू बघावी तर पत्रा तळहातासारखा साफ, लांबीसुद्धा नखाएवढीच भरलेली. (लांबी म्हणजे गॅरेजवाल्यांची पुट्टी. काम कच्चं असेल तर ती थापायची आणि वर रंग मारून गिऱ्हाईक गंडवायचं.) डाव्या बाजूला मागच्या दारावर मात्र काम मध्येच थांबलंय. दार अर्धं सपाट, अर्धं पोचे पडलेलं. जेवायला म्हणून उठले आणि परत आलेच नाहीत, असं.

११ जानेवारी, रविवार

पोचा काढायला नुसती हातोडी मारून भागत नाही, पत्रा आणखी वेडावाकडा होतो. एकाने गाडीत बसून पत्र्याला आतून लोखंडी ठोकळा लावून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. दोन्ही नेमके समोरासमोर आले की पत्रा बसतो. दारांची आतली अस्तरं मी काढून टाकलीत, त्यामुळे आतल्याचा हात थेट पत्र्यापर्यंत जातो. काचांवर रंग उडू नये म्हणून वर्तमानपत्रं चिकटवलीत. म्हणजे आत कोण आहे ते बाहेरून दिसत नाही, सगळं कानांवर चालतं.

आम्ही खुणा ठरवल्या. मी बाहेरून टकटक करायची, म्हणजे तयार का? तिने आतून टकटक करायची, म्हणजे तयार. आतल्याचे हात भरून आले की त्याने ठोकळा पत्र्यावरून लांब ओढायचा, खर्रर्र. म्हणजे अदलाबदल. आतला बाहेर, बाहेरचा आत.

मेघाली फार छान धरते. शाळेत चित्रकला शिकवते, हातात अंदाज आहे. दुपारी दोघं नखशिखांत लाल होऊन चिकूखाली बसलो आणि तिने आणलेलं सुकट भाकरीबरोबर हाणलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून असं काही केलंच नव्हतं, नुसतं एका घरात राहिलो होतो. ती हसताना दातांवरसुद्धा गंज दिसत होता. ही बाई मला फार आवडते. तोंडाने म्हणायची लाज वाटते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१७ जानेवारी, शनिवार

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

मेघालीला चेंदणी कोळीवाड्यात आईकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. मी सकाळपासून कानाला बोळे लावून ग्राइंडर चालवत होतो. ग्राइंडर ठेवला, बोळे काढले, डाव्या मागच्या दाराशी बसलो आणि सवयीने टकटक केली. आतून टकटक आली. मला वाटलं, निघण्याआधी थोडा वेळ बसली असेल बिचारी. हातोडी चालवायला लागलो. आज ठोकळा असा नेमका समोर येत होता की हातोडी पडायच्या आधीच तो तिथे असायचा. मी आपला बडबडत होतो, तुझ्या आईला म्हणावं जावई कारागीर निघाला. आतून उत्तर नाही. सोबत येत नाही म्हणून रुसली असेल, असं धरून चाललो.

दार आरशासारखं झालं. तेवढ्यात फोन वाजला. मेघाली. ठाण्यात कधीच पोचली होती. निघताना दोनदा हाक मारली, तू ढिम्म, म्हणाली. मागे सासूबाईंचा आणि बायकांचा गलका ऐकू येत होता.

मी दार उघडून बघितलं. गाडीत कोणी नव्हतं. सीटवर ठोकळा होता. हातात घेतला तर गरम.

१८ जानेवारी, रविवार

पत्रा पोकळ आहे, आवाज घुमतो, ठोकळा उन्हाने तापला असेल. झालं समाधान.

शेडमध्ये ऊन येत नाही, हे मला माहीत आहे.

मेघालीला सांगितलं नाही. सांगितलं तर ती गाडी उद्याच्या उद्या हलवायला लावेल. आणि दार काय झालंय! तिने त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, एकट्याने केलंस? मी हो म्हणालो. तिने पाठ थोपटली.

२१ जानेवारी, बुधवार

ती शाळेत गेल्यावर पुन्हा टकटक केली. नुसतं बघायला म्हणून. लगेच उत्तर आलं, वाटच बघत असल्यासारखं.

पळून जायला हवं होतं. पण पुढचं दार बाकी होतं आणि मी हातोडी उचलली. असा जोडीदार मला कधी मिळाला नव्हता, त्याला काही सांगावंच लागत नाही. घाबरलो होतो आणि मजाही येत होती, दोन्ही खरं आहे.

मग मधेच ठोकळा थांबला. आणि पत्र्यावरून आतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खर्रर्र.

अदलाबदल.

माझ्या बाजूचं दार आपलं आपण उघडलं. आत रिकामी सीट. मी हातोडी टाकून घरात आलो आणि कडी लावली. बाहेर खर्रर्र चालूच होतं, मेघालीची रिक्षा फाटकाशी आली तेव्हा थांबलं.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी शेडमध्ये गेलो. आरशासारखं केलेलं दार आतून ठोकल्यासारखं टेंगळांनी भरलंय. प्रत्येक टेंगळावर मी मारलेला गंजरोधक रेड ऑक्साइड फुटून ताजा गंज आलाय. रात्रभरात इतका गंज येत नाही. महिन्याभरातही येत नाही.

मेघाली विचारत होती, हे कसं झालं. मी म्हणालो, लांबी कच्ची राहिली. उद्या ऑफिसातून परस्पर माजिवड्याला जाणार आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार, माजिवडा नाक्यावर, रिक्षाच्या रांगेत

आंटींनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि पहिलं वाक्य, "एकट्याने केलं ना?"

त्यांनी सांगितलं ते असं. फ्लेव्हियन अंकल आणि त्यांचा भाऊ पॉल, दोघं मिळून काम करायचे. पॉल काविळीने गेला. अंकल काही दिवस गाडीकडे फिरकले नाहीत, मग एकटेच तिच्यापाशी जायला लागले आणि खुशीत परत यायला लागले. म्हणायचे, पॉल धरतो आतून. एका दुपारी आंटी चहा घेऊन गेल्या. हातोडीचा आवाज येत होता, पण बाहेर कोणी नव्हतं. अंकल आत होते, दोन्ही हातांनी ठोकळा दाबून धरलेला, घामाने निथळत. ठोकळा जरा सरकला की हातोडी अंगावर पडत होती, छातीवर काळेनिळे वळ उठलेले. दार कोणालाही उघडेना. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांनी धरलं. मग हृदय थांबलं, आणि हातोडीही थांबली.

आतून सुटून बाहेर आलेल्याला एवढंच कळतं की काम पुरं करायचं, म्हणाल्या. आणि गंज कधी पुरा होतो का?

मी ओरडलो त्यांच्यावर. आधी का नाही सांगितलंत, भंगारात का नाही दिलीत! त्या रडल्या. "कशी देऊ? आत माणूस आहे माझा. तो वाईट नाही रे बाबा, थकलाय. खरी दोन माणसं असली तर तो उठत नाही." मग म्हणाल्या, आता जागा झालाय तर आत कोण येतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. जो खर्रर्र ऐकून दारात जाईल, तो आत.

मेघालीला ती खूण माहीत आहे. मीच शिकवली.

फोन उचलत नाहीये. शाळा सुटून तास झाला. उचल ना गं.

२३, घरी

फाटकातूनच हातोडीचा आवाज आला. शेडमध्ये कोणी नाही. हातोडी जमिनीवर पडलेली. तरी ठोके पडतायत, दार थरथरतंय.

ती आत आहे. जिवंत आहे. शाळेतून आली, शेडमधून खर्रर्र ऐकलं, तिला वाटलं मी लवकर घरी आलोय आणि दमलोय. दार उघडं होतं. आत बसली, वाटलं मी पलीकडून उतरलो असेन — मग दार लागलं.

कागदाच्या फटीतून दिसते. ठोकळा धरून. ओठ पांढरे पडलेत. एकदा हात खाली घेतला तर बरगडीवर बसली, म्हणते.

पहार लावून झाली. काचेवर वीट घातली, वीट फुटली. शेजारचे प्रफुल्लभाऊ धावत आले, त्यांनाही दार हलेना.

एकच मार्ग आहे. तिला म्हणालो, ओढ. ठोकळा ओढ. ती नाही म्हणाली. मी हात जोडले. म्हणालो, आळीपाळीने धरू, तू थोडी विश्रांती घे, मग पुन्हा तू. खोटं बोललो.

ती ओढत्ये.

२३, गाडीत

ती बाहेर आहे. बाहेर आहे ती. उतरली तेव्हा उभं राहता येत नव्हतं, प्रफुल्लभाऊंनी धरलं. पुन्हा एकदा आत बसली तर जगणार नाही, हे डोळ्यांनी दिसतंय.

वही खिशात होती, पत्र्याची मापं लिहायला. ठोके थांबतात तेव्हा लिहितो, डाव्या हाताने.

फ्लेव्हियन अंकल, पुरे आता — काम झालं, दार चांगलं झालं — ऐकू जात नाही त्यांना.

तिला निघून जा म्हणालो. आईकडे जा. गेली नाही. भाऊ तिला घरात न्यायला बघतात, ती हात झटकते. म्हणते, आळीपाळीने ठरलंय आपलं. शेडच्या खांबाला टेकून उभी आहे. कान इकडे. खर्रर्र ऐकायची वाट बघत्ये.

मी ओढणार नाही. काहीही झालं तरी ओढणार नाही.

२३, अंधारतंय

खांद्यावर एक बसला. दंड उचलत नाही. दोन्ही हातांनी —

ती विचारत्ये, दमलास का. नाही म्हणालो. हसूनच म्हणालो —

पुन्हा. पुन्हा. आता मधे थांबतच नाहीत —

बोटं कळत नाहीत. घाम. ठोकळा निसटतो —

निसटला — पत्र्यावरून लांब — मी नाही ओढला, मुद्दाम नाही —

दार उघडलं.

ती पळत येत्ये. मेघाली, नको, मी बोलावलं नाही, तू आत येऊ न —