आठ दिवसांचं माहेर

रविवार, १३ जानेवारी

हॉटेल बघा म्हणाली!

माझी इमेल्डा. माझ्या पोटची मुलगी. फोनवर, इतक्या गोड आवाजात, की वाक्य संपेपर्यंत मला कळलंच नाही आपण काय ऐकलं ते. "ममी, जूनमध्ये सगळे नक्की या. फक्त राहायचं तेवढं दुसरीकडे बघा. या वेळी घरी नको."

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मग हवापाण्याच्या गोष्टी. तिकडे शेफील्डला बर्फ पडतंय म्हणे. इथे मलेशियात, पिनांगला मी पंखा मोठा करून बसले होते.

कारण तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आम्ही दोघी अशाच.

मंगळवार, १५ जानेवारी

रेमंडला सांगितलं. हा माझा मुलगा. त्याला जगातलं सगळंच सोपं वाटतं. "बरं झालं की! लंडनला स्टेशनाजवळ हॉटेल घेऊ. नाश्ता त्यातच. एक दिवस गाडीने जाऊ, इमेल्डाला भेटू, संध्याकाळी परत."

भेटून परत! दवाखान्यात कुणाला बघायला जावं तसं.

रविवार, २० जानेवारी

चर्चच्या पायऱ्यांवर शेजारच्या मॅगीने गाठलंच. "लेकीकडेच उतरणार ना सिसिल? मोठं घर आहे म्हणे जावयाचं." मी छत्री उघडण्यात फार गुंतल्यासारखं केलं. इथे आपलं माणूस असलेल्या गावात हॉटेलात उतरलं, तर दोन्हीकडची नाकं कापली जातात. आमच्या पुलाव टिकुस वस्तीला मग महिनाभर दुसरा विषय नको.

पण खरं दुखणं मॅगी नाही. आठ वर्षं झाली इमेल्डाच्या लग्नाला, आणि एका रात्रीपुरतीही ती आणि मी एका छपराखाली झोपलेलो नाही. लग्नाला गेले तेव्हाही जावयाच्या, कॉलिनच्या आईकडे उतरवलं होतं मला. यंदा मी मनात धरलं होतं — तिच्या स्वयंपाकघरात सकाळी चहा करीन, ती डोळे चोळत येईल, केस विस्कटलेले, शाळेत असताना यायची तशी. एवढंच. फार मोठं काही मागितलं नव्हतं मी.

बुधवार, ६ फेब्रुवारी

आमच्या चिनी नव्या वर्षाचा दुसरा दिवस. लेकींनी माहेरी यायचा दिवस. सकाळपासून गल्लीत गाड्या थांबताहेत. संत्र्यांच्या पिशव्या, जावई, पोरं, लाल कपडे. आमच्या दारात कुणी नाही.

ताची ओट्याशी उभी राहून बदक शिजवत होती. माझी थोरली बहीण. मी कॉन्व्हेंटात शिकले, ती स्वयंपाकघरात. माझा नवरा लॉरेन्स गेल्यापासून माझ्याकडेच असते, आणि इमेल्डा तर तिच्याच मांडीवर वाढली. तिच्या जिभेला हाड नाही. खिडकीतून बघत म्हणाली, "लेक येईना तर काय करशील? तिचं माहेर विमानात घालून नेशील?"

माझ्या हातातला चमचा थांबला.

का नाही नेणार?

माहेर म्हणजे काय, या भिंती? आई असेल, मावशी असेल, चूल पेटलेली असेल, ते माहेर! तिने आम्हाला घरी बोलवायचं नाही ना, ठीक. आम्ही तिथे घर मांडू आणि तिलाच बोलावू. तिच्या गावापासून जवळ, सगळे एका छपराखाली. पाहुणी ती, यजमान मी. हॉटेलात आईला माहेरपण करता येत नाही. घर हवं!

ताचीला सांगितलं. ती म्हणाली, "वेडी आहेस." आणि बदकाचा उत्तम तुकडा माझ्या ताटात वाढला.

शनिवार, ९ फेब्रुवारी

दिवसभर टॅब्लेटवर नकाशा. आणि काय मजा — मला सगळं माहीत आहे! सिस्टर फिलोमिना वेताच्या छडीने भिंतीवरचं इंग्लंड दाखवायच्या. बाहेर नारळाच्या झावळ्या हलताहेत, आत आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या पोरी घामाने निथळत घोकतोय — पेनाइन्स म्हणजे इंग्लंडचा कणा, पश्चिमेला पाऊस आणि सुताच्या गिरण्या, पूर्वेला कोरडं आणि लोकर. सिस्टर स्वतः आयर्लंडच्या. इंग्लंडवर त्यांचं फारसं प्रेम नसावं, पण नकाशा चुकला की छडी! आज त्या कण्यावरून बोट फिरवत शेफील्डपाशी आले, तर डोळे भरून आले. बिचाऱ्या इथेच गेल्या, इथल्याच मातीत आहेत. त्यांनी शिकवलेली गावं मी बघणार.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

सापडलं! दगडी घर, दारावर गुलाब, समोर जुनं चर्च. खिडकीतून चर्चचा मनोरा. रोज पहाटे घंटा ऐकू येईल. याहून काय हवं? मालकांना कळवून टाकलं, आमच्यासाठी धरून ठेवा म्हणून.

बुधवार, १३ फेब्रुवारी

ताचीला फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला. आणखी मोठा केला.

"हे दगड कसले?"

मी तोवर पाहिलेच नव्हते! मला फक्त चर्च दिसलं होतं.

"अगं... जुनी थडगी आहेत. दोनशे वर्षांपूर्वीची."

"म्हणजे मी सकाळी पडदा सरकवायचा आणि लोकांच्या मेलेल्या आज्यांना नमस्कार करायचा?"

"इंग्रज लोकांना आवडतं तसं. शांत शेजार म्हणतात."

"आपले असते तर गोष्ट वेगळी. आपल्यांच्या थडग्यांवर वर्षातून एकदा जाते, झाडते, जेवण ठेवते. या परक्यांना मी काय वाढू? आणि वाढलं नाही, तर रात्रभर उपाशी बसतील ना खिडकीशी!"

कॉन्व्हेंटातली चार वर्षं लॅटिन प्रार्थना म्हटलेली मी — मलाही खिडकीशी बसलेले उपाशी इंग्रज दिसायला लागले. कळवून टाकलं, घर नको.

बुधवार, २० फेब्रुवारी

दुसरं चांगलं मिळालं होतं. नंबर चार. आमच्या चिनी बोलीत चार म्हणजे मरण. ताचीला दाखवलंच नाही.

शुक्रवार, १ मार्च

हेच ते! हेच, हेच! मेंढ्यांच्या कुरणात जुनं शेतघर, शेफील्डहून गाडीने जवळ, थडगी नाहीत, नंबरच नाही, नुसतं नाव. आणि टेबल! खोल्या मी बघितल्याच नाहीत, टेबलच बघत बसले. एका अखंड फळीचं, लांबच लांब. पूर्वी मेंढ्या कातरायला गडी यायचे, ते सगळे एका पंगतीला बसायचे, असं खाली लिहिलंय. झोपायला काय, जमिनीवरही झोपू. जेवायला एकत्र बसता आलं पाहिजे.

पण शेवटी एक नियम. घरात उग्र वासाचा स्वयंपाक करू नये.

ताची म्हणाली, "मग काय तिथे उपास करायला जायचं?"

बुधवार, ६ मार्च

आज राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपास सुरू. कपाळावर राख घेऊन आले आणि तशीच मालकीणबाईंना पत्र लिहायला बसले. मिसेस हार्टली. चोरून करायचं नाही असं ठरवलं. सरळ लिहिलं — आम्ही बेलाचान म्हणून आंबवलेल्या कोळंबीची वडी भाजतो. वास आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पण त्याशिवाय माझ्या मुलीला आपण घरी आलो असं वाटणार नाही, आणि त्यासाठीच मी हे घर घेते आहे. परवानगी असेल तर कळवावं.

सिस्टर फिलोमिना वळणदार अक्षराला बक्षीस द्यायच्या. टाइप केलेल्या पत्राला वळण कुठलं! म्हणून वाक्यांना दिलं.

शनिवार, ९ मार्च

फोन! खुद्द मिसेस हार्टली! आवाज असा, की वाऱ्यात उभ्या राहून बोलताहेत.

"अहो बाई, तुमच्या पत्रावरून आमच्याकडे भांडण झालं. आमचे हे म्हणतात, आंबवलेली कोळंबी? माझ्या घरात? मी म्हटलं, तुम्ही मागच्या खोपटात मासे धुरात सुकवता तेव्हा मेंढ्यासुद्धा उठून दुसऱ्या कुरणात जातात, ते?"

मी इतकी हसले की ताची आतून धावत आली.

"त्याच खोपटात शेगडी आहे," म्हणाल्या. "भाजा काय भाजायचं ते. फक्त आमच्या ह्यांना एक घास चाखवा, म्हणजे तोंड बंद होईल." मग आवाज जरा उतरला. "माझी लेक न्यूझीलंडला असते. तिला माझ्या हातचं मटण लागतं. समजतं मला."

जिंकले!

रविवार, १० मार्च

ताचीने टेबलाचा फोटो पाहिला. बोटांनी मोठा केला. थडगं शोधत होती बहुतेक. मग म्हणाली, "आपला मोठा खलबत्ता सामानात बसेल का?"

म्हणजे येणार!

मंगळवार, १२ मार्च

आज मोठी लढाई. रेमंड जेवायला आला, बायको शू फेन आणि दोघी मुली. मी मेंढ्यांचं कुरण काढलं, त्याने लंडनचं हॉटेल काढलं.

"ममी, तिथे काय आहे? गवत! मुलींनी गवत बघायला इतक्या लांब जायचं?"

"तुझी बहीण आहे तिथे."

"बहिणीनेच हॉटेल बघा म्हटलंय!"

बोलून गेला. ताचीने त्याच्या पुढ्यातलं आमटीचं भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्याचं अर्धं जेवण व्हायचं होतं.

आणि मग बोलली कोण, तर शू फेन! बारा वर्षांत सासूच्या बाजूने एक शब्द न बोललेली शू फेन. "मी सांगू? हॉटेलात गेलं की हे महाराज लोळणार आणि मी न्हाणीघरात किटलीवर नूडल्स करणार. पोरींना तिसऱ्या दिवशी भात लागतो. मला घर हवंय. ममी, मी तुमच्याबरोबर."

रेमंडने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा आतल्या आमटीकडे. "बरं. पण शेवटचे दोन दिवस लंडन."

"दिले," मी म्हटलं. राणीसारखं! ताचीने आमटी परत आणली.

शनिवार, १६ मार्च

घर पक्कं. जूनचा पहिला आठवडा. मॅगीला मुद्दाम थांबवून सांगितलं — "अगं, आम्ही तिथे घरच घेतलंय! लेकीला माहेरपणाला बोलावतेय." तिचा चेहरा! संबंध चाळीस दिवसांच्या उपासात एवढं गोड मिळायचं नाही.

रविवार, १७ मार्च

आज इमेल्डाला सांगितलं. तालीम करून ठेवली होती, फोन लागल्यावर सगळी विसरले. "तुझ्या घरापासून लांब नाही. तुझी खोली वेगळी ठेवलीय. ताची येतेय खलबत्ता घेऊन. तू आणि कॉलिन या, राहा. एक रात्र राहा. नुसतं भेटून जाऊ नकोस."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस का गं?"

"नाही. ममी... मी बघते. सांगते."

फोन ठेवला. बाकी सगळे गड घेतले, हा एकच राहिला. आणि हा घेतला नाही, तर बाकीचे घेऊन करू काय?

बुधवार, २० मार्च

फोन नाही. ताची म्हणते, भिंतीकडे बघून फोन वाजत नाही.

सोमवार, २५ मार्च

इमेल्डाचा फोन. पहिलंच वाक्य — "ममी, त्या घराचा जिना उभा आहे का गं? त्याला खाली लहानसं फाटक बसवू देतील का, विचार ना त्या बाईंना."

टोबी. दीड वर्षाचा. ऑक्टोबरपासून त्यांच्याकडे आहे. दत्तकाचा कोर्टाचा हुकूम आज हातात आला. तोवर कुणाला सांगायचा धीर नव्हता तिला — परत नेला तर? आणि घरात नवं माणूस आलं की तो दिवसभर कॉलिनच्या मानेला चिकटून बसायचा. म्हणून हॉटेल. आता तो हसतो म्हणे अनोळखी माणसांकडे बघून. एक रात्र नाही, तिघे आठही दिवस येताहेत!

मी रडतेय. ताचीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि ओरडून विचारलं, "भात खातो का गं तो?"